वखारीवरच्या नागूचं पाऊल

कर्जतहून पळसदरीकडे पायी निघालं की वाटेत एक वाडी लागते. तिथला नागू अगदी साधा माणूस होता. इतका साधा की त्याच्याविषयी सांगण्यासारखं आयुष्यात एकच घडलं, आणि तेही त्याने केलं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. अंगाने काटक, बोलायला गोड, आणि कुणाला नाही म्हणणं त्याच्या जिभेला जमत नसे. कुणाचं भात झोडायचं असो, कुणाचं छप्पर शाकारायचं असो, नागू बोलावण्याआधी हजर. असल्या माणसाची वाडीला गरज फार आणि किंमत कमी.

तो गवताच्या वखारीत कामाला होता. डोंगरउतारावरचं गवत कापून वखारीत यायचं, तिथं यंत्रात दाबून त्याच्या गासड्या बांधायच्या आणि मुंबईच्या तबेल्यांसाठी रेल्वेने धाडायच्या. एके वर्षी थप्पीवरची गासडी घसरली आणि नागूच्या उजव्या पायावर पडली. वैदूने हाड बसवलं, पण वाकडं बसवलं. तेव्हापासून नागूचा डावा पाय टपकन पडायचा आणि उजवा मागून घासत यायचा. शेठने त्याला काढलं नाही, वखारीच्या राखणीला ठेवलं. त्यात शेठचा दयाळूपणा किती आणि कमी पगारात राखणदार मिळाल्याचा आनंद किती, ते आपण न विचारलेलं बरं.

वाडीत आबाजीबुवा पोथी सांगत. श्रावणात मारुतीच्या देवळात त्यांची पोथी लागली की आसपासच्या दोन वाड्या लोटत. बुवांची रीत जुन्या पोथीवाल्यांचीच होती. ओवी वाचायची, मग पोथी मांडीवर टेकवून अर्थ सांगायचा, आणि अर्थ सांगताना लांबचं सगळं जवळ आणून ठेवायचं. कुंभकर्ण घोरायचा कसा, तर आपल्या वाडीतल्या पोशाचा बाप घोरतो तसा. लंकेभोवतीचं पाणी केवढं, तर पावसात उल्हास नदी फुगते ना, तसल्या शंभर नद्या. लोक ओवी विसरत आणि अर्थ घरी नेत. पोशाच्या बापाला मरेपर्यंत पोरं कुंभकर्ण म्हणत होती, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे.

मोठी लढाई संपली त्या सालच्या भादव्यात पोथी संपली होती आणि कापणीला अजून अवकाश होता. बुवांचा भाचा माथेरानला एका हॉटेलात कामाला होता. कुणी पाहुणा खोलीत विसरून गेलेली एक कादंबरी त्याने मामाला आणून दिली. ‘निळ्या बंगल्यातला मुक्काम’ तिचं नाव. खुनाची गोष्ट होती. देवळात खुनाचं पुस्तक वाचावं की नाही यावर बुवांनी एक दिवस विचार केला, आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला वाचायला बसले.

गोष्ट अशी होती. डोंगरावरच्या एका निळ्या बंगल्यात मुंबईची एक श्रीमंत बाई येऊन राहते. अंधार पडला की व्हरांड्यात कुणीतरी चालतं. एक पाऊल पडतं, एक घासतं. एके दिवशी बाई नाहीशी होते आणि सगळे बंगल्याच्या लंगड्या माळ्यावर तुटून पडतात. शेवटी कळतं की खून बाईच्या सख्ख्या भावाने केला. माळ्यावर आळ यावा म्हणून तो एका बुटात दगड घालून चालत होता. माळी बिचारा निर्दोष सुटतो.

बुवांना वाचायची एकच रीत येत होती, तीच त्यांनी इथं लावली. व्हरांड्यातल्या पावलांचा परिच्छेद त्यांनी वाचला, पुस्तक मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "आता हा चालायचा कसा? तर आपला वखारीवरचा नागू चालतो ना, अगदी तसा. नागू, चालून दाखव रं जरा."

नागू उठला. लोकांच्या पाठीमागून, जिथं समईचा उजेड पोचत नव्हता तिथून, तो सभामंडपाच्या फरशीवरून चालत गेला. टप्, घस्स. टप्, घस्स. बायका एकमेकींना बिलगल्या. एक लहान मूल रडायला लागलं. मग सगळे हसले, नागू सगळ्यांत जास्त हसला. जन्मात पहिल्यांदा माणसं त्याच्यासाठी श्वास रोखून बसली होती, आणि ते त्याला फार आवडलं. यात त्याचं काय चुकलं?

मग रोजचंच झालं. पुस्तकात पावलं आली की बुवा नुसती मान हलवत आणि नागू पाठीमागच्या अंधारात चालू लागे. पुढं पुढं तर बुवांनी मान हलवायच्या आधीच लोक कान टवकारून मागं वळून न बघता बसू लागले. शेवटच्या संध्याकाळी बुवांनी भावाच्या बुटातला दगड काढून दाखवला, माळ्याला सोडवला, पुस्तक मिटलं. लोकांनी माना डोलावल्या. पण ज्यांनी जन्मात बूट घातला नव्हता त्यांना बुटातला दगड पटावा कसा? आणि तो भाऊ तरी कोण कुठला, त्याचं तोंड कुणी पाहिलं होतं? नागूचं पाऊल मात्र सगळ्यांनी ऐकलं होतं. लोकांनी पुस्तक देवळात ठेवलं आणि अर्थ घरी नेला.

दिवाळीच्या सुमाराला वखारीत गवत निवडणारी गोदा नाहीशी झाली. विधवा बाई, पुढं-मागं कुणी नाही. बहुधा मुंबईला गेली असेल, तेव्हा कितीतरी जणी जात. वाडीनेही आधी तसंच म्हटलं. मग पाणवठ्यावर मोतीबाईने सहज विचारलं, "तिला शेवटची बगितली कुनी?" शेवटची पाहिली होती नागूने. वखारीचं दार लावताना. हे त्याने स्वतःच चार जणांना काळजीने सांगितलं होतं.

तोंडावर त्याला कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर भांडता आलं असतं. नुसतं एवढंच होऊ लागलं की नागू वाटेने आला की बोलणं थांबायचं. पोरं खेळ सोडून घरात जायची. भात झोडायला तो दुसऱ्यांच्या खळ्यावर गेला तर "आज र्‍हाऊ दे नागू, मानसं झाली" असं लोक म्हणायचे, आणि त्याच्या खळ्यावर कुणीच आलं नाही. नागू आणि त्याची बायको बायजा, दोघांनीच सगळं भात झोडलं. बायजा फटकळ होती. तिने पाणवठ्यावर मोतीबाईच्या सात पिढ्या काढल्या. "माझा नवरा माशी मारत नाय, आन तुमी त्याच्यावर मानूस मारल्याचा आळ घालता व्हय गं?" असं ती म्हणाली आणि घागर आपटून आली. नागूला त्या दिवशी जेवण गोड लागलं. एक माणूस जरी बाजूने असलं तरी निभतं, हे त्याला तेव्हा पक्कं वाटत होतं.

पण गोष्ट वाढत गेली. नागू घरात बसलेला असतानाही देवळामागं त्याचं पाऊल ऐकल्याचं सोनुबाईने सांगितलं, आणि तिच्यामागून आणखी दोघांनी. नागू हसला. मग एका संध्याकाळी वखारीची फेरी मारताना त्याला स्वतःलाच ते ऐकू आलं. थप्प्यांच्या मधल्या बोळातून तो चालला होता. टप्, घस्स. टप्, घस्स. तो थांबला. आणि तो थांबल्यावर, पलीकडच्या बोळात, आणखी एकदा घस्स झालं.

गवत वाळताना आवाज करतं, उंदीर असतात, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो बोळात गेला नाही. त्याला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा वाईट म्हणजे एक प्रश्न पडला. गोदा त्या संध्याकाळी दारातून बाहेर पडली खरी, पण मग डावीकडं गेली की उजवीकडं? आठवेना. आपण दार लावलं आणि मग काय केलं? तेही आठवेना. कित्येक महिन्यांपूर्वीची संध्याकाळ कुणाला आठवते? पण नागू रोज ती आठवायला बसू लागला, आणि रोज ती थोडी अधिक पुसट होत गेली.

दुसऱ्या वर्षी भात झोडून झालं आणि कर्जतला तंबूतला सिनेमा आला. मोठ्या फळीवर चित्र चिकटवलेली बैलगाडी ताशा वाजवत वाडीवरून गेली. चित्रात निळा बंगला होता. आबाजीबुवांनी नाव वाचलं आणि म्हणाले, "आपलंच पुस्तक हाय की रं."

नागूच्या जिवात जीव आला. पुस्तक कानाने ऐकलेलं, तिथं लोकांची गफलत झाली. सिनेमा डोळ्यांनी बघायचा. भावाचं तोंड दिसेल, बूट दिसेल, बुटातून पडणारा दगड दिसेल. लंगडा माळी हात जोडून उभा दिसेल आणि सुटताना दिसेल. मग कोण काय बोलणार? तो घरोघर गेला. जे दार लावून घेत होते त्यांच्याही दारात उभा राहिला. "चला की. बुवांचंच पुस्तक हाय. मजा यील," असं म्हणत फिरला. लोक तयार झाले, काही सिनेमाच्या हौसेने, काही, मला वाटतं, नागूला तिथं बसलेला बघायला. बायजा म्हणाली, "मीबी येते. बघू दे त्यांना समद्यांना एकदा."

तंबूत जमिनीवर वाळलं गवत पसरलेलं होतं. एका बाजूला पुरुष, कनातीपलीकडं बायका. नागू मुद्दाम मागं, खांबाजवळ बसला, पाय लांब करता यावा म्हणून. दिवे गेले. वाडीची माणसं पुढं सरकून बसली.

सिनेमा वाईट होता, हे सांगायला कुणी विद्वान नको. बाई बंगल्यात आली आणि झोपाळ्यावर बसून गाऊ लागली. ते गाणं संपलं तर दुसरं सुरू झालं. सगळीकडं अंधार, त्या अंधारात टोपी घातलेला एक माणूस सिगारेट ओढत उभा, तो कोण, काय, कशासाठी, ते कळेना. आरशाचा एक प्रसंग पुस्तकात असा होता की देवळात समई हलली तरी लोक दचकले होते. इथं बाईने आरशात बघून टिकली नीट केली आणि झालं. पोशा मोठ्याने जांभई देत म्हणाला, "आरं, हिला कुनीतरी मारा लवकर." तंबू हसला.

नागू हसत नव्हता. तो माळ्याची वाट बघत होता. बंगल्याची बाग दिसली, झारी दिसली, फुलं दिसली. माळी दिसेना. अर्धा सिनेमा झाला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की माळी नाहीच. सिनेमावाल्यांनी त्याला गाळून टाकला होता. त्यांना वाटलं असेल, एका लंगड्या माळ्यावाचून काय अडतंय.

मग व्हरांडा आला. लांबलचक, काळा, शेवटाला एक खिडकी. वाडीच्या लोकांना कळलं की आता पावलं येणार. पोशा गप्प झाला. कनातीपलीकडच्या बांगड्या गप्प झाल्या. पडद्यावर सावली हलली आणि पावलांच्या जागी सारंग्या वाजू लागल्या. नुसत्या सारंग्या. पाऊल नाहीच. नागूला मनापासून वाईट वाटलं. हे असं नाही, हे खोटं आहे, असं त्याच्या मनात स्पष्ट आलं. आणि त्याच क्षणी सारंग्या थांबल्या आणि तंबूत आवाज झाला.

टप्, घस्स. टप्, घस्स.

सबंध तंबू किंचाळला. बायकांच्या बाजूला रडारड झाली. कुणी उठलं, कुणी कुणावर पडलं. नागू खांबापासून चार हात पुढं, गवतात उभा होता. पायाला गोळा आला म्हणून उठलो, असं त्याने नंतर सगळ्यांना सांगितलं. तसंच असेलही. पण आपण केव्हा उठलो हे त्याचं त्यालाच कळलं नव्हतं. उभं राहिल्यावर अंगातून जे वारं गेलं ते देवळातल्या पहिल्या संध्याकाळचंच होतं, आणि ते त्याला चांगलं वाटलं होतं. एवढं मात्र त्याने कुणाला सांगितलं नाही.

पुढं सिनेमात भाऊ पकडला गेला. बुटाचं नाव नाही, दगडाचं नाव नाही. इन्स्पेक्टरने खांद्यावर हात ठेवला, भाऊ रडला आणि दिवे लागले.

परतीच्या वाटेवर सगळ्यांचा एकच घोळका होता, आणि त्या घोळक्याने सिनेमाची सालटी काढली. बाईला घाबरता येत नाही. गाणी फार. बंगला निळा म्हणतात आणि पडद्यावर सगळा राखेच्या रंगाचा. बुवा वाचायचे तेव्हा कसं अंगावर यायचं. हे सगळं खरंच होतं, मीही हेच म्हणालो असतो.

"त्यो चालन्याचा भाग झाला ना, तेवढाच काय तो खरा," पोशा म्हणाला, आणि मग मागं नागू चालतो आहे हे आठवून गप्प झाला.

थोड्या वेळाने मोतीबाई म्हणाली, "पन भावानं मारलं म्हंजी काय? सख्खा भाऊ मारंल व्हय? मनाला पटत नाय."

"आन माळी का गाळला?" सोनुबाईने विचारलं. "पुस्तकात माळी हुता. काढायचं कारन काय? कायतरी असल्याबिगर काढतील?"

आबाजीबुवा थांबले. म्हातारा माणूस, आणि आपल्या अर्थाने काय करून ठेवलं आहे ते त्यांना उशिरा का होईना कळून चुकलं होतं. ते घसा खाकरून म्हणाले, "बायांनो, पुस्तकातबी भावानंच मारलं. माळी सुटला. मी सोता वाचलंय. नागूचं नाव मी नुस्तं चालन्यापुरतं घेतलं हुतं."

पोशा अगदी मायेने म्हणाला, "बुवा, तुमी भल्या मनाचे. गावातला मानूस, तुमाला भीड पडनारच. आमी काय म्हनतोय का तुमाला?"

छापलेलं पुस्तक, बुवांचं तोंड आणि कर्जतचा पडदा, तिघांनी साक्ष दिली होती, आणि तिघांनाही लोकांनी मोठ्या मनाने माफ करून टाकलं. यापुढं कुणाला आणायचं, हे नागूला सुचेना.

घोळका भराभर पुढं गेला. नागूच्याने तेवढं चालवत नव्हतं, त्यामुळं तो आणि बायजा मागं राहिले. कंदील बायजाच्या हातात होता. पुढच्यांचं बोलणं ऐकू येईनासं झालं तसं नागूने विचारलं, "तुला कसा वाटला गं शिनेमा?"

बायजाने उत्तर द्यायला वेळ लावला. एरवी तिचं उत्तर प्रश्नाच्या आधी तयार असे.

"नाय जमला," ती म्हणाली.

"नायच जमला," नागू म्हणाला. त्याला बरं वाटलं. "नुस्ती गानी."

"गान्याचं नाय. व्हरांडा आल्यावर समदे गप झाले की नाय, तवा मी तुमच्याकडं बगितलं. तुमी उठून उभं हुता ना, तवाबी बगितलं. कनातीच्या फटीतनं."

"पायाला गोळा आला हुता."

"व्हय. सांगितलंत की तुमी."

पुढं वाट संपून शेताचा बांध लागतो. एका माणसापुरती रुंदी, दोन्ही बाजूंना कापल्या भाताचे सड, आणि थंडीतही तिथं जनावर, साप-किरडू, निघतं म्हणून कंदीलवाला नेहमी पुढं असतो. लग्न झाल्यापासून अंधारात ह्या बांधावरून बायजाच कंदील घेऊन पुढं चालायची, आणि पाय घासत येणारा नवरा मागं.

ती बांधाशी थांबली. कंदील तिने नागूपुढं धरला. हात लांब करून धरला, मधे जेवढं अंतर राहील तेवढं ठेवून.

"तुमी व्हा पुढं," ती म्हणाली.

"का गं?"

"व्हा म्हंते ना."

नागूने तिच्याकडं पाहिलं. ती त्याच्या तोंडाकडं बघत नव्हती, पायाकडं बघत होती. त्याने कंदील घेतला आणि बांधावर चढला. तिने भ्यायला नको म्हणून तो घरी पोचेपर्यंत मोठ्याने बोलत राहिला, भाताचं, गुरांचं, उद्याच्या कामाचं, काहीही. मागून हुंकार येत होता, पण दर वेळी जरा लांबून.